पंचवीस तासांचा रविवार

चंद्रहास लिमये सोमवार ते शुक्रवार माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात नेटवर्क इंजिनियर असतो आणि शनिवार-रविवार गुरुजी असतो. इंजिनियर तो शिकून झाला. गुरुजीपण मात्र गळ्यात पडलं. तो ऑकलंडला विद्यार्थी म्हणून आला त्या वर्षी एका ओळखीच्यांच्या वास्तुशांतीला भटजी मिळेना, तेव्हा लहानपणी आजोबांनी मारूनमुटकून पाठ करून घेतलेलं याने भीतभीत म्हणून दाखवलं. झालं! या शहरात एखाद्याला पुण्याहवाचन येतं ही बातमी एकदा फुटली की त्या माणसाची धडगत नसते. आठवड्याभरात त्याचा नंबर पार हॅमिल्टनपर्यंत पोचला होता.

आणि या गुरुजींचा खरा मोसम कुठला, तर ईस्टर. हसू नका. दिवाळीला इथे सुट्टी नाही, गणपतीला नाही, पाडव्याला तर नाहीच नाही. सलग चार दिवस मोकळे मिळतात ते गुड फ्रायडेपासून सोमवारपर्यंत. मग वर्षभर तुंबलेल्या वास्तुशांती, साठीशांती, बारशी, सत्यनारायण असं सगळं त्या चार दिवसांत उरकायचं. पंचांग कोण उघडतो? सरकारी सुट्टी हाच मुहूर्त. येशू ख्रिस्ताच्या कृपेने ऑकलंडातल्या निम्म्या मराठी घरांत सत्यनारायण होतो, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

बाकीच्यांना तरी कुठे काय वाटतं? चंद्रहासचा बॉस ग्रेम, याला एकदा त्याने सरळ विचारलं होतं, की ईस्टर म्हणजे तुमच्यात नेमकं काय असतं? ग्रेमने बराच वेळ विचार केला. "चार दिवस, मेट," तो म्हणाला. "हीप्स ऑफ फिश." आणि तो बोटीचं सामान आवरायला निघून गेला. शेजारपाजारचे तंबू घेऊन समुद्रावर जातात, कारण थंडीआधीची ही शेवटची संधी. क्रूस काढलेले गोड पाव दुकानात जानेवारीपासूनच येतात. शुक्रवारी आणि रविवारी दुकानं कायद्याने बंद. ती का, हे विचारलं तर लोक खांदे उडवतात, पण गुरुवारी संध्याकाळी मात्र उद्या युद्ध सुरू होणार असल्यासारखे गाड्या भरभरून सामान नेतात. सगळा देश असा सुट्टीवर जातो आणि कामावर उरतात तिघं: चर्चमधली पाद्रीणबाई, कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध-पाव विकणारा गुजराती, आणि चंद्रहास.

हे असंच चालू राहिलं असतं, पण २०१८ च्या मार्चमध्ये तो आणि त्याची बायको नीलांबरी मुलीच्या शाळेत पालकसभेला गेली. मुलीचं नाव जुई, वय वर्षं आठ. वर्गाच्या भिंतीवर 'माझ्या घरी ईस्टर म्हणजे' या विषयावर मुलांनी काढलेली चित्रं होती. ससे होते, चॉकलेटची अंडी होती, तंबू होते, एकाची बोट होती. एका सामोअन मुलीने पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी भरलेलं चर्च काढलं होतं. अख्ख्या भिंतीवर देव आठवला तो तिला एकटीला. आणि जुईच्या चित्रात एक उघडाबंब माणूस होता. त्याच्या कपाळावर लाल टिळा, हातात काळी बॅग, आणि तो गाडीत बसत होता. खाली गोल अक्षरांत लिहिलं होतं, 'ईस्टर इज व्हेन माय डॅड गोज टू वर्क इन अ स्कर्ट.'

शिक्षिकेने अगदी जपून विचारलं, "तुम्ही… नाटकात वगैरे काम करता का?"

नीलांबरी पार्किंगपर्यंत हसत होती. गाडीत बसल्यावर मात्र तिचं हसू थांबलं. "चित्रात मागे खिडकी आहे, बघितलीस?" ती म्हणाली. "त्यात आम्ही दोघी आहोत."

चंद्रहासने बघितली नव्हती. त्याने फक्त आपलं पोट बघितलं होतं.

त्यांच्या अवोन्डेलच्या गल्लीच्या टोकाला छोटंसं मैदान आहे. ईस्टरच्या रविवारी अकरा वाजता तिथे गल्लीतली सगळी पोरं जमतात. आयाबाप झाडाझुडपांत चॉकलेटची अंडी लपवतात आणि पोरं ती हुडकून काढतात. जुईचा बाप यात एकदाही नव्हता. एका वर्षी हॅमिल्टनला मुंज होती, एका वर्षी बारसं, गेल्या वर्षी वास्तुशांत. दर वेळी त्याने 'पुढच्या वर्षी नक्की' म्हटलं होतं, आणि म्हणताना ते त्याला खरंच वाटत होतं. त्या रात्री तो जुईच्या पलंगावर जाऊन बसला.

"यंदा अंडी मी आणणार आणि मीच लपवणार," तो म्हणाला. "प्रॉमिस."

जुईला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "फॉर रिअल?" तिने विचारलं. "ऑर लाइक लास्ट इयर?"

हे त्याला फार लागलं. त्याने दुसऱ्याच दिवशी रंगीबेरंगी चांदीच्या कागदांतली अंडी आणली आणि जुई कधीच हात लावत नाही अशा एकमेव जागी लपवली. ऑफिसातून त्याला दोन सारख्या काळ्या बॅगा मिळाल्या होत्या. एकीत पूजेचं सामान असायचं, दुसरी रिकामी होती. अंडी त्या दुसरीत गेली.

एवढं झाल्यावर माणसाने शहाण्यासारखं फोन बंद करून बसावं. पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बॉटनी डाउन्सहून सुयशचा फोन आला. नवीन घर घेतलंय, आई पुण्याहून आलीय, सत्यनारायण करायचाय, आणि आईला ईस्टरचा रविवारच हवाय कारण सोमवारी तिचं विमान. चंद्रहासच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही. त्या जागी त्याला काहीतरी जन्मजात अडचण असावी. त्याने हिशोब केला. त्याच शनिवारी मध्यरात्रीनंतर देशभरातली घड्याळं एक तास मागे होणार होती. म्हणजे रविवार पंचवीस तासांचा! सकाळी लवकर पूजा लावायची, कथा आटोपशीर सांगायची, मोटरवेने सुसाट घरी. "सकाळी साडेसातला बसू," तो म्हणाला. सरकारने पंचवीस तास दिले होते, याने ते सव्वीस समजून वाटून टाकले.

शनिवारी अवोन्डेलच्याच एका चर्चच्या हॉलमध्ये साठीशांत होती. हॉलमध्ये शंभरेक माणसं, बाहेर गाड्यांवर गाड्या, आणि शेजारच्या चर्चमध्ये पाद्रीणबाई हेदर एकटीच फुलं लावत होती. दुपारी ती डोकावली.

"उद्या माझ्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस," ती म्हणाली. "चौदा जण येतील. त्यातले दोघं झोपतील. तुम्ही एवढी माणसं जमवता तरी कशी?"

चंद्रहासने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "जेवण."

हेदर खूप हसली. मग त्याने दिलेला जिलबीचा तुकडा खात म्हणाली, "माझी मुलं लहान होती तेव्हा ईस्टरला मी कायम इथे असायची. आता ती सिडनीला असतात. ईस्टरचा फोनसुद्धा, मी चर्चमध्ये असणार हे धरून, दुसऱ्या दिवशी करतात." तिने बोटं पुसली आणि ती फुलांकडे परत गेली.

रविवारी चंद्रहास अंधारातच निघाला. बॅग उचलली, सोवळं नेसलेलं होतंच, वर जॅकेट चढवलं. बॉटनीला पोचला, चौरंग मांडला, रांगोळी झाली, सुयश आणि त्याची बायको पाटावर बसली. समोर खुर्चीत सुयशची आई, दमयंतीबाई. तीस वर्षं पुण्याच्या शाळेत गणित शिकवलेल्या बाई. त्या बघत होत्या तशा कोणी बघत असलं की येणारा मंत्रही विसरायला होतं. चंद्रहासने 'केशवाय नमः' म्हणत बॅगेची चेन उघडली, आणि आतून अंडी चमकली.

त्याने चेन लावली. पुन्हा उघडली. अंडीच होती.

"गुरुजी, काही राहिलं का?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"सगळंच," चंद्रहास म्हणाला. खोटं बोलायला काही सुचलंच नाही.

ताम्हन, कलश, तांदूळ घरात होते. गणपती बाईंचा पितळी होता. अडलं ते नवग्रहांपाशी. नऊ ग्रहांच्या नऊ सुपाऱ्या लागतात, आणि आज या देशात सुपारी विकत मिळणं अशक्य होतं. सुयश तरी गाडी घेऊन गेला. इंडियन दुकान बंद, सुपरमार्केट बंद, अख्खं बॉटनीचं शॉपिंग सेंटर सामसूम. डेअरी तेवढी उघडी होती. तिथल्या पटेलांनी खालच्या खणातून सुगंधी सुपारीची पुडी काढून दिली. दमयंतीबाईंनी ती फोडून बघितली. आत गुलाबी भुगा होता.

"ग्रह काय पावडरमध्ये बसवायचे?" त्यांनी विचारलं.

यात तास गेला. चंद्रहासचा तो फुकटचा, आयता तास. "काकू, सुपारी नसेल तर अक्षतांवरही चालतं," तो अजिजीने म्हणाला.

"चालतं, मलाही ठाऊक आहे. इथे सगळंच चालतं. केळीच्या खांबांऐवजी कार्डबोर्ड चालतं, आंब्याच्या पानांऐवजी प्लॅस्टिक चालतं. आता ग्रहांऐवजी नुसते तांदूळ!" बाईंनी हात पुढे केला. "बघू, त्या बॅगेत काय आहे ते."

चंद्रहासने सांगितलं. सत्यनारायणाच्या पूजेत अंडी! सुयशची बायको पाटावरून उठायच्या बेतात होती. बाईंनी चष्मा लावला आणि पाकिटावरची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, पेपर तपासावा तशी.

"दूध आहे, साखर आहे. जिलेटिन नाही. अंडं तर नाहीच." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मग याला अंडं का म्हणतात?"

"तसा आकार असतो म्हणून, काकू."

"हं. वरीच्या तांदळात तरी तांदूळ कुठे असतो? उपासाला खातोच की आपण." त्यांनी एक पिवळं अंडं उचलून उजेडात धरलं. मग एक हिरवं. आणि त्यांचा चेहरा बदलला. "अहो गुरुजी, हा गुरू. हा बुध. लाल मंगळ, रुपेरी चंद्र. हे बघा, निळा शनीसुद्धा आहे! जन्मभर मी नऊच्या नऊ ग्रह मातकट बघत आले. रंग आज पहिल्यांदा दिसतायत."

त्यांनी स्वतः नऊ अंडी निवडली. राहू आणि केतू यांच्यावर थोडा वाद झाला. शेवटी जांभळं आणि चॉकलेटी यांवर तडजोड झाली. ताम्हनातल्या तांदळावर नवग्रह असे काही झगमगले की सुयशच्या बायकोने फोटो काढला. चंद्रहासच्या जिवात जीव आला. एवढ्यात सोवळ्यात खोचलेला फोन थरथरला. नीलांबरी होती.

"चंदू, अंड्यांच्या बॅगेत सुपाऱ्या आहेत."

"अगं हो. अंडी इथे आहेत. नवग्रह झालेत त्यांचे."

"आज एक एप्रिल आहे हे मला माहितीये," ती म्हणाली. "पण जुई चपला घालून दारात उभी आहे रे. तिला काय सांगू?"

"येतो म्हणून सांग," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

कसंही करून आता कथा आटपायची होती, आणि तिथेच दुसरी पाचर बसली. चंद्रहासची पोथी, कुठलं गाळायचं याच्या पेन्सिलीच्या खुणांसकट, घरी सुपाऱ्यांच्या शेजारी पडली होती. दमयंतीबाईंनी आपली मोठ्या टाइपाची काढून दिली. "पाचही अध्याय," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश. इथल्या कथा मी ऐकल्यात. क्रिकेटची कॉमेंट्री बरी."

मग चंद्रहास वाचू लागला. एकेक शब्द, स्पष्ट, कारण समोर बाई होत्या. दहा वर्षं तो ही कथा सांगत आला होता, पण जिभेने. कानाने त्याने ती कधी ऐकलीच नव्हती. तिसऱ्या अध्यायात तो वाणी आला. मूल होऊ दे, पूजा करीन, असं वाणी म्हणतो. मुलगी होते. बायको आठवण करते. वाणी म्हणतो, आत्ता नको, हिच्या लग्नात करू. लग्न होतं, आणि तो व्यापाराला निघून जातो. चंद्रहासला हे वाक्य डोळे मिटून येत होतं. आज मात्र डोळ्यांपुढे काळी बॅग घेऊन गाडीत बसणारा एक उघडाबंब माणूस आला, आणि मागे खिडकी. तो थांबला. त्याने खाकरून बघितलं, पाणी प्यायलं, पुन्हा तेच वाक्य सुरू केलं आणि पुन्हा तिथेच थांबला.

"गुरुजी, अडखळलात," दमयंतीबाई म्हणाल्या.

"काकू," तो म्हणाला, "हा वाणी मी आहे."

आणि भर पूजेत, सुयश हात जोडून बसलेला असताना, त्याने सगळं सांगितलं. मैदान, अंडी, भिंतीवरचं चित्र, दर वर्षीचं 'पुढच्या वर्षी नक्की'.

"किती वाजता आहे ते?" बाईंनी विचारलं.

"अकराला. आता होतीलच."

"गुरुजी म्हणून तुम्ही साधारण आहात," बाई म्हणाल्या. "बाप म्हणून काय आहात, ते तुमच्या मुलीने शाळेच्या भिंतीवर लावलंय. द्या ती पोथी इकडे. उरलेली कथा मी वाचते. तुम्ही निघा." चंद्रहास ताडकन उठला, बॅग घेतली, दारापर्यंत गेला, आणि मागून आवाज आला, "प्रसाद! प्रसाद न घेता पळणाऱ्यांचं पुढच्या अध्यायात काय होतं, ते तुम्हाला नव्याने सांगायला हवं का?"

तो परत आला, शिऱ्याचा द्रोण घेतला आणि पळाला.

मोटरवे रिकामा होता. ईस्टरचा हा एक फायदा. शिरा शेजारच्या सीटवर, अंडी मागे, आणि चंद्रहास गाडी चालवताना सारखं स्वतःशी बोलत होता. माफी कशी मागायची याची त्याने तीन-चार भाषणं केली आणि सगळी मोडीत काढली.

मैदानावर पोरांचा कल्ला चालू होता. त्याला वाटलं, संपलं सगळं. मग त्याने नीट पाहिलं. दुकानं बंद असताना माणूस घरात असेल ते वापरतो, आणि नीलांबरीने स्वयंपाकघरातल्या चांदीच्या कागदात चंद्रहासच्या सगळ्या पूजासाहित्याची बोचकी बांधून झुडपांत लपवली होती. एका मुलाला खारीक मिळाली होती. एकाने सुपारी चावली होती आणि तो आपल्या आईला 'हे अंडं खराब आहे' म्हणून सांगत होता. एका चिमुरडीची जीभ हळकुंडाने पिवळीजर्द झाली होती. आणि एक धिप्पाड बाप पोराला खांद्यावर घेऊन नाचवत होता, कारण पोराला नारळ सापडला होता. इतका मोठा ऐवज त्या मैदानावर आजवर कोणालाच मिळाला नव्हता.

जुई झोपाळ्यावर बसली होती. टोपली रिकामी होती.

चंद्रहास तिच्यापुढे गवतात उकिडवा बसला. पाठ केलेलं एकही भाषण आठवेना. "तुला काहीच नाही मिळालं?" त्याने विचारलं.

"आय डिडंट लुक," जुई म्हणाली. "आय वॉज सेव्हिंग माय टर्न."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्याने शिऱ्याचा द्रोण पुढे केला. तिने चाटूनपुसून खाल्ला. मग सगळ्या पोरांना डोळे मिटायला लावून, कपाळावर टिळा, कमरेला सोवळं आणि वर जॅकेट अशा अवतारात चंद्रहास लिमये अंडी लपवत झाडाझुडपांतून वाकत फिरला. नेसूचा सोगा दोनदा काट्यात अडकला. बोटांमधून एका मुलाने चोरून बघितलंच.

"इज युअर डॅड द ईस्टर बनी?" त्याने जुईला विचारलं.

"नाह," जुई डोळे मिटून म्हणाली. "ही जस्ट वर्क्स ईस्टर्स."

अंडी सापडली. नऊ कमी होती, पण ते फक्त चंद्रहासला माहीत होतं. जुई त्याच्या मांडीला टेकून बसली, कोपरापर्यंत चॉकलेट, आणि तेच हात ती त्याच्या सोवळ्याला पुसत होती. तेव्हा फोन वाजला. पलीकडचा आवाज हॅमिल्टनचा होता. "गुरुजी, जरा आधीच सांगून ठेवतो. पुढच्या वर्षी ईस्टरला धाकट्याची मुंज करायची म्हणतोय."

नीलांबरीने त्याच्याकडे पाहिलं. जुईचे हात पुसायचे थांबले. चंद्रहासच्या तोंडात 'बघू, जमवू' आलं होतं. ते त्याने गिळलं.

"ईस्टरला नाही जमायचं," तो म्हणाला. "आमच्याकडे सण असतो."

पलीकडचा माणूस गोंधळला. "ईस्टरला? तुमच्यात कुठला सण, गुरुजी?"

"मोठा असतो," चंद्रहास म्हणाला. "दिवसभर चालतो."